चारांतला एक

दहावीच्या वर्गात वाटाण्यांचा धडा आला की माझा आवाज चढायचा, असं माझ्या जुन्या विद्यार्थिनी अजून भेटल्या की सांगतात. तंजावूरच्या एका मुलींच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत जीवशास्त्र शिकवलं. शिकवलं ते तमिळमधून. घरी आम्ही मराठी बोलतो ती वेगळी, आणि आत्ता लिहिते आहे ती तिसरीच, वडिलांनी हाताला धरून गिरवायला लावलेली, पुस्तकातली. बोलताना मी अशी बोलू लागले तर गल्लीतली माणसं मला तापाची गोळी देतील.

पुस्तकात मोठ्या शोधांची काही पानं असायची. विजेचा दिवा, वाफेचं इंजिन, देवीची लस, बुरशीतून निघालेलं औषध. मुलींना त्या गोष्टी आवडत, कारण त्यांत शेवटी टाळ्या असतात. मला रस होता तो ज्यांना त्या काळी कुत्रंही विचारत नव्हतं अशा शोधांत. व्हिएन्नातला एक डॉक्टर सांगत होता की बाळंतिणीला हात लावण्याआधी हात धुवा, बाया मरायच्या थांबतील. बाकीच्या डॉक्टरांना राग आला. आमचे हात घाणेरडे म्हणतोस? तो बिचारा शेवटी वेड्यांच्या इस्पितळात मेला. आणि दुसरा तो मठातला साधू, बागेत वाटाणे लावणारा. उंच आणि बुटक्या वाटाण्यांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळी रोपं उंच येतात. बुटकेपण गेलं असं वाटतं. पण त्याच्या पुढच्या पिढीत चारांत एक रोप बुटकं निघतं. म्हणजे ते गेलेलं नव्हतं, नुसतं लपून बसलं होतं. हे त्यानं विद्वानांच्या सभेत वाचून दाखवलं. सभेनं शांतपणे ऐकलं, वाटाण्याच्या अक्षता लावल्या आणि सगळे जेवायला घरी गेले. तो मेल्यावर बऱ्याच वर्षांनी इतरांना तेच दिसलं, तेव्हा कुणाला तरी त्याची आठवण झाली.

एखादी मुलगी हमखास विचारायची, "टीचर, म्हणजे चार पोरं झाली तर एक नक्की तसंच?" मी म्हणायचे, नाही. प्रत्येक पोराच्या वेळी चिठ्ठी नव्यानं निघते. चारही सुटतील, नाहीतर पहिलंच सापडेल. मग मी विचारायचे, कुणाचे आईवडील लग्नाआधीच नात्यातले होते? ओरत्तनाडूकडच्या खेड्यांतून बसनं येणाऱ्या मुली आमच्याकडे बऱ्याच. भराभर हात वर जायचे. मीही माझा हात वर करायचे आणि वर्ग हसायचा. त्यानंतर मी फळा पुसायचे. शोध लागणं ही निम्मीच गोष्ट असते, तो घरात शिरावा लागतो, आणि घरं फार चिवट असतात.

आमचं तर फारच. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमच्यासारखी मराठी बोलणारी घरं अजून आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माझ्या वडिलांचा एक नियम होता: चपला आणि तमिळ उंबऱ्याबाहेर काढायचं. शाळेत, बाजारात, देवळात हवं तितकं तमिळ बोला, आत पाऊल टाकलं की मराठी. चुकून एखादं वाक्य आत आलं तर ते उठून दाराकडे बोट दाखवायचे आणि आम्ही परत बाहेर जाऊन, पुन्हा आत येऊन, तेच वाक्य मराठीत सांगायचो.

आणि हे वडील माझ्या आईचे सख्खे मामा. म्हणजे त्यांच्या मोठ्या बहिणीचीच मुलगी त्यांना दिलेली. त्यामुळे माझी आजी ही माझी आत्याही होती. ती सकाळी वडिलांना धाकटा भाऊ म्हणून झापायची आणि दुपारी जावई म्हणून पहिलं पान त्यांना वाढायची. आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही. शेजारच्या तमिळ घरांतही तेच चालायचं. एकदा पुण्याहून एक बाई सरस्वती महाल ग्रंथालयात जुने कागद बघायला आल्या होत्या, त्यांना आम्ही जेवायला बोलावलं. आईनं सहज बोलता बोलता सांगितलं तर त्यांचा घास हातातच राहिला. "अय्या, सख्ख्या मामाशी?" आईला कळेना की यात अय्या म्हणण्यासारखं काय आहे. बाई गेल्यावर वडील म्हणाले, "त्यांच्या गांवांत मराठी रस्त्यावर पडली आहे, कोणीही उचलावी. आम्हांस ती घरांतच मुरवावी लागते." माझा पुढचा सगळा राग या एका वाक्यावर आहे, आणि अडचण अशी की ते वाक्य खोटं नव्हतं. बाहेर मुली दिल्या की त्यांची पोरं दुसऱ्या पिढीत तमिळ होतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

वडीलही शाळेत विज्ञानच शिकवायचे. वाटाणे त्यांच्याही पुस्तकात होते.

माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. संध्याकाळी मोठ्या देवळातून बाहेर पडलं की त्याला त्याच्या चपला सापडायच्या नाहीत. दिवसा क्रिकेटचा चेंडू अचूक झेलणारा हा मुलगा दिवेलागणीला चपलांच्या ढिगाशी उकिडवा बसून चाचपडत राहायचा. आई म्हणायची, वेंधळा आहे. आजी म्हणायची, देवळात लक्ष नसतं म्हणून देव शिक्षा करतो. शिवगंगेच्या तळ्याच्या पायऱ्यांवरून तो पडला तेव्हा वडिलांनी त्याला वर एक थप्पडही दिली. चपला शोधून द्यायचं काम माझ्याकडे लागलं ते कायमचं. मी त्याच्या पुढ्यात त्या नीट जोडून ठेवायचे आणि तो पायानंच चाचपून घालायचा.

मग पोन्नांगण्णीची पालेभाजी सुरू झाली, डोळ्यांना चांगली म्हणून. आठवड्यातून किती वेळा ती खाल्ली असेल याची गणती नाही, मला अजून तिच्या वासानं मळमळतं. मी कॉलेजात गेले तेव्हा मीच हट्ट धरला आणि आम्ही त्याला दुसऱ्या गावच्या डोळ्यांच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरनं खोलीत अंधार केला आणि हातातल्या छोट्या यंत्रानं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. माणसाच्या जिवंत डोळ्याच्या आत डोकावता येतं, हाही एक शोधच. दीड शतकापूर्वी एका जर्मन माणसानं तो लावला आणि त्याआधी डोळ्याच्या मागं काय आहे ते फक्त मेलेल्यांचं बघता येत असे. मला ते यंत्र फार बघायचं होतं. डॉक्टरनं मला बघू दिलं. आतल्या तांबूस पडद्याच्या कडांना काळे काळे ठिपके साचले होते. मला आनंद झाला, विद्यार्थ्याला होतो तसा, आणि त्यानंतर डॉक्टर बोलले. याला औषध नाही. आधी रात्रीचं जाईल, मग कडेचं, मग मधलं. किती वर्षांत ते सांगता येत नाही. यंत्राला फक्त बघता येत होतं.

डॉक्टरनं वडिलांना विचारलं, "तुमचं लग्न नात्यातलं का?" वडील म्हणाले, "आमच्यात असतं." डॉक्टरनं मान हलवली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. पुढं फार वर्षांनी त्यांच्या शाळेतले एक मास्तर मला म्हणाले की तुझे वडील तो वाटाण्यांचा धडा शिकवत नसत, मुलांना घरी वाचून या म्हणायचे. म्हणजे त्यांना कळलं होतं. घरात मात्र कुणी कधी काही बोललं नाही, आणि आईवडील दोघंही आता गेले.

भावाला ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत नोकरी लागली. कुंभकोणमच्या एका मराठी घरातली, आमच्याशी काही नातं नसलेली मुलगी त्यानं केली. त्यांना एक मुलगी झाली. आई नात्यातली नसल्यानं मुलीचे डोळे ठीक राहणार हे मला ठाऊक होतं, तरी ती चालायला लागल्यावर मी तिला संध्याकाळी अंगणात सोडून खुळखुळा कुठं तरी फेकायचे आणि तो शोधायला लावायचे. ती शोधायची. तोवर भावाची नजर नळीतून बघावं इतकी अरुंद झाली होती. कागद वाचता यायचा, पण शेजारून येणारी सायकल दिसायची नाही. मग कागदही दिसेना. त्यानं नोकरी सोडली. भावजय तापाच्या दुखण्यात गेली ती तिची पोर कॉलेजात असताना. मी तोपर्यंत विधवा झालेली होते. मी वडिलांच्या घरात परत आले आणि आम्ही दोघं भावंडं पुन्हा एका छपराखाली राहू लागलो.

डोळे गेल्यापासून वडिलांचा उंबऱ्याचा नियम तो वडिलांहून कडक पाळू लागला. फोन त्याला बातम्या वाचून दाखवायचा. फोनमधली ती बाई मराठीही वाचते, पण तिची मराठी ऐकून तो चिडायचा. "ही ती पुण्याची बाई आहे की गे अक्का, घास हातांत धरून बसलेली." मोठ्या बहिणीला आमच्यात अक्का म्हणतात. त्याचं म्हणणं सरळ होतं. दिसणाऱ्या माणसाला घर दिसतं. त्याला घर ऐकू येतं, आणि ज्या बोलीत ऐकू येतं तीच बोलणारी घरची तोंडं आता तीन उरली होती: मी, त्याची मुलगी आणि माझा मुलगा.

माझा एकुलता मुलगा चेन्नईत नोकरीला होता. भावाची मुलगी तंजावूरच्याच कॉलेजात शिकवत होती. आत्याचा मुलगा, मामाची मुलगी. यांचं लग्न लागणार हे ती पाळण्यात असल्यापासून घरात थट्टेनं चालायचं, आणि थट्टा करता करता ते खरं झालं. चेन्नईत त्याच्याशी मराठी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून तो रोज संध्याकाळी तिला फोन करायचा. एक दिवस त्यानं मला सांगितलं. मी ओट्याशी उभी होते. मला बरं वाटायला हवं होतं. मी बोटांवर पिढ्या मोजू लागले.

भाऊ त्याच शुक्रवारी ताटात नारळ, विडा, फुलं ठेवून, मुलीचा हात धरून माझ्या खोलीच्या दाराशी आला. एकाच घरात राहत असून त्यानं नवं धोतर नेसलं होतं. तो हसत होता. इतक्या वर्षांत तसा तो हसलेला मी पाहिला नव्हता.

मी म्हणाले, "आधी रक्त तपासू."

त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मी त्याला समजावून सांगितलं. तुझ्यातलं ते तुझ्या मुलीत लपलेलं आहे, नक्कीच आहे. माझ्यात असू शकतं. माझ्यात असलं तर माझ्या मुलात असू शकतं. दोघांत असलं तर त्यांच्या प्रत्येक पोराला चारांत एक अशी चिठ्ठी. आता तपासता येतं, रक्तातून कळतं.

"शाळा घरांत आणूं नको अक्का," तो म्हणाला. "वाटाणे मीही वाचलों आहे."

"वाचून काय उपयोग? बाबांनीही वाचले होते."

तेव्हा त्याचा चेहरा पालटला. "म्हणजे आईबाबांवर खटला भरतेस की? त्यांनी चूक केली म्हणून? ती चूक मी की?"

मुलगी ताट धरून उभी होती. मी बोलले ते मागं घेतलं नाही. मी आयुष्यभर फळा पुसला होता, या वेळी पुसायचा नाही असं ठरवलं होतं. तो ताट तिथंच ठेवायला सांगून निघून गेला आणि महिनाभर माझ्याशी बोलला नाही. जेवायला बसायचा, मी वाढायचे, ताटात कुठं काय आहे ते मुलगी सांगायची. शेवटी माझ्या मुलानं येऊन त्याची समजूत काढली. "मामा, असलं नाही तर लगेच मुहूर्त धरूं," असं तो म्हणाला म्हणे. त्या 'नाही तर'वर भाऊ तयार झाला.

तिरुच्चीच्या इस्पितळात आम्ही चौघं गेलो. तिथली डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं कोरा कागद घेतला आणि आमचं घराणं काढायला लागली. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. लग्नाला एक रेघ, नात्यातल्या लग्नाला दोन रेघा. मी सांगत गेले. आजीपाशी ती अडखळली. "हा गोल मी आधीच काढलाय ना, तुमची आत्या म्हणून?" मी म्हटलं, तीच ती. तिनं पेन्सिल मागं फिरवून रेघ परत त्याच गोलाशी नेऊन जोडली.

भाऊ पेन्सिलीचा आवाज ऐकत होता. "काय काढते ती?"

"आपलं घर."

"मी कुठं आहें त्यांत?"

"खालचा चौकोन. तिनं काळा भरलाय."

तो हसला. "सरी, बरोबर आहे. आंतूनही तसंच दिसतं."

सगळ्यांचं रक्त घेतलं. निकाल यायला बरेच आठवडे लागले. त्या दिवसांत घरात कुणी त्याचा विषय काढला नाही, पण सगळे जपून बोलत होते, ऊन दूध ओठाशी असावं तसे. एकदा भाऊ झोपलेला असताना भाची माझ्याजवळ बसून शेंगा निवडत होती. ती म्हणाली, "आत्ते, त्याच्यांत असलं तर?" मी म्हटलं, मग बघू. ती म्हणाली, "तुम्ही शिकवतां तेव्हां 'मग बघूं' म्हणतां का?" मी तिच्या पुढ्यातल्या शेंगा ओढून घेतल्या.

असलं. माझ्यात होतं आणि माझ्या मुलातही होतं.

डॉक्टरनं ते फार मऊ आवाजात सांगितलं. इंग्रजी बाजूला ठेवून ती सगळं तमिळमध्ये सांगत होती. लग्न करू नका असं मी म्हणणार नाही, ती म्हणाली. मूल दत्तक घेता येईल. किंवा आता आणखी एक मार्ग आहे: गर्भ शरीराबाहेर, काचेत तयार करायचे, काही पेशी काढून तपासायच्या आणि ज्याच्यात हा दोष दुहेरी आलेला नाही तोच आईच्या पोटात ठेवायचा. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, तो कौतुकाचाही होता. मठातल्या बागेतून निघालेली गोष्ट इथवर आली होती. मुलगा आणि भाची एकमेकांकडे बघायला लागली. वाट निघाली, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

भावानं विचारलं, "आणि ज्याच्यात दुहेरी आलंय त्याचं काय करतात?"

डॉक्टर म्हणाली, "तो ठेवत नाहीत, सर."

"म्हणजे माझ्यासारखा."

भावानं हात जोडून तिला नमस्कार केला, जिथं ती बसली होती त्याच्या जरा डावीकडे, आणि उठला.

परतीच्या बसमध्ये मुलं पुढच्या बाकावर होती, मी आणि तो मागं. दोन्ही बाजूंना भाताची शेतं पाण्यानं भरलेली. कुणी खिडकी बंद करत नव्हतं आणि वारा तोंडावर आदळत होता. तंजावूर जवळ आलं तेव्हा तो म्हणाला, "अक्का, हे यंत्र आईबाबांपाशी असतं तर तू एकटीच असतीस."

मला म्हणायचं होतं की नाही रे, आम्ही तुला ठेवलं असतं. माझं तोंड उघडलंही. पण सगळा आटापिटा मी त्याच्यासारखं पोर या घरात पुन्हा येऊ नये म्हणूनच केला होता, आणि हे मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. माझं त्याच्यावर प्रेम आहे. मला तो हवा होता. आणि मला तसा दुसरा नको होता. ही दोन वाक्यं एकाच तोंडानं कशी सांगतात ते मला कुठल्याही पुस्तकानं शिकवलेलं नाही. मी त्याचा हात धरला. त्यानं तो काढून घेतला नाही, पण त्यानंही माझा धरला नाही.

लग्न झालं नाही. भावानं नाही म्हटलं नव्हतं. उलट तो म्हणाला, तुम्ही शिकलेली आहां, तुमच्या मनाचं करा. नाही म्हटलं ते भाचीनं. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "आत्ते, मी रोज सकाळी अप्पांस कॉफी देतें. त्यांच्यासारखा नको म्हणून काचेंतून निवडायचं, मज होत नाही. न निवडतां होऊं द्यायचं, तेंही मज होत नाही. आणि तुमच्या मुलास स्वतःचीं पोरं हवीं आहेत." ती रडली नाही. मी रडले. माझा मुलगा त्यानंतर जर्मनीला गेला. तिथं तो एकटाच राहतो. सणाला फोन करतो, मामाशी बोलतो, मग दोघंही पावसापाण्याचं विचारून फोन ठेवतात.

भाचीनं पुढं बरोबर काम करणाऱ्या एका तमिळ मुलाशी लग्न केलं. चांगला मुलगा आहे, मला त्याच्याबद्दल एक वाईट शब्द बोलता येणार नाही. ती दोघं कोइंबतूरला असतात. त्यांना मुलगी झाली. तिच्यातही ते एकेरी लपलेलं असेल तर असेल, पण तिला त्याचा त्रास होणार नाही. घरात सगळे तमिळ बोलतात. भाचीनं सुरुवातीला लेकीशी मराठी बोलून पाहिलं. पण एकटी आई बोलते, कुणी उत्तर देत नाही, अशी भाषा किती दिवस टिकणार? पोरीला ती समजत नाही. सुटीत ती तंजावूरला येते, आणि तिचा आजोबा घरात तमिळ बोलत नाही. त्यामुळं दोघं एकमेकांच्या शेजारी बसतात आणि तो तिच्या केसांवरून हात फिरवतो, एवढंच. तू जरा नियम सैल कर, असं मी त्याला एकदा सुचवलं. तो म्हणाला, "माझ्यापाशी काय उरलं आहे गे, सैल करायला?" पुन्हा मी सुचवलं नाही.

गेल्या सुटीतली गोष्ट. आम्ही सगळे मोठ्या देवळात निघालो होतो. उशीर झाला होता, उजेड गेला होता, ओसरीवरचा दिवा मी अजून लावला नव्हता. भाऊ उंबऱ्याच्या आत उभा राहिला, नेहमीसारखा, मी चपला पुढ्यात ठेवीन म्हणून वाट बघत. माझे गुडघे आता वाकायला कुरकुरतात. मी भिंतीला हात टेकून वाकते आहे तोवर पोरगी माझ्या बगलेखालून बाहेर पळाली, सगळ्यांच्या चपलांच्या गर्दीतून तिनं नेमक्या त्याच्या दोन उचलल्या आणि आणून उंबऱ्याबाहेर त्याच्या पुढ्यात जोडून ठेवल्या. "इंदांग ताता," ती म्हणाली. हे घ्या, आजोबा.

त्यानं पायानं चाचपून पाहिल्या. मग मला विचारलं, "दिवा लागला आहे का अक्का?"

"नाही. अंधार आहे."

मग खाली वाकून, हातानं शोधून, त्यानं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि अंगठे हलकेच तिच्या मिटलेल्या पापण्यांवर ठेवले. "शाबास गे माझ्या बाळे," तो म्हणाला.

पोरीनं त्याच्या हातांतूनच मान वळवून आईला विचारलं, "ताता एन्न सोन्नारु?" आजोबा काय म्हणाले?

भाची सांगायला तोंड उघडत होती. त्यानं हात वर करून तिला थांबवलं. मला वाटलं तो पोरीला दाराकडे बोट दाखवणार, वडील दाखवायचे तसं. त्यानं हात खाली घेतला.

"नल्ल पोण्णुन्नु सोन्नेन," तो तिला म्हणाला. गुणाची पोर आहेस, असं म्हणालो.

तो अजून उंबऱ्याच्या आत होता. चपला घातल्या नव्हत्या.